डास चावल्यानंतर राहिलेले डाग आणि नौपाड्यातील एक त्वचारोग दवाखाना : सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये उपवन तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी जेमतेम अर्धा तास बसले, त्याची किंमत माझी डावी नडगी अजून मोजते आहे. पाऊस नुकताच थांबला होता, येऊरच्या डोंगरावरून गार वारा येत होता आणि गप्पांच्या नादात पायाला काय चावते आहे याकडे लक्षच गेले नाही. घरी येईपर्यंत नडगीवर सात-आठ गांधी उठल्या होत्या. डास असावेत, कदाचित दुसरे काही बारीक किडेही असतील. अंधारात कोणी पाहिले! ठाण्यात पावसाळा काढलेल्या माणसाला याचे काही वाटत नाही. आपण खाजवतो, शिव्या घालतो, विसरतो. या वेळी मात्र विसरता आले नाही, कारण दोन महिन्यांनंतरही त्या जागी सात काळपट डाग होते आणि त्यातल्या दोन ठिकाणी वाटाण्याएवढ्या टणक गाठी झाल्या होत्या, ज्यांची खाज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होत असे.

या डागांसाठी मी आधी केलेले चुकीचे उपाय आणि नंतर जानेवारीपासून घेतलेले नौपाड्यातील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचे उपचार यांचा हा अहवाल आहे. गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा दवाखाना आहे. डॉक्टरांना आधीच रुग्ण आवरत नाहीत आणि पुढे मी काही तक्रारीही लिहिणार आहे, त्यामुळे नाव देत नाही.

चुकांपासून सुरुवात करते, कारण दवाखान्याचे मोल त्यांच्याशिवाय कळणार नाही. पहिल्या आठवड्यात कॅलामाइन लोशन लावले, ते योग्यच होते. झिंक ऑक्साइड आणि त्याला गुलाबी रंग देणारे थोडेसे आयर्न ऑक्साइड असलेले हे साधे मिश्रण ताज्या गांधीवर वाळताना गारवा देते आणि कंड थोडा कमी करते. पण ते जुन्या डागावर लावण्यात काहीच अर्थ नाही, हे न कळल्यामुळे मी दीड बाटली संपवली. त्यानंतर जाऊबाईंच्या सल्ल्याने लिंबाचा रस सुरू केला. ऑक्टोबरच्या उन्हात गॅलरीत बसून, पाय पुढे पसरून, डागांवर लिंबाची फोड चोळणारी मी आता आठवले की हसू येते. लिंबाच्या रसातील काही द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की त्वचा भाजल्यासारखी होऊन आणखी काळी पडते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. डागांच्या कडा पसरल्या त्या याच पंधरवड्यात.

तिसरी चूक सर्वांत महागात पडली. घराजवळच्या औषधाच्या दुकानात पाय दाखवला, तर काउंटरवरच्या मुलाने क्षणाचाही विचार न करता एक ट्यूब पुढे केली. तिच्यात क्लोबेटासॉल, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक अशी भेळ होती. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत प्रखर गटातले आहे आणि चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. स्टेरॉइडयुक्त मलमांबाबतचा हा नियम २०१८ मध्ये अधिक कडकही झाला. चिठ्ठी मला कोणी मागितली नाही आणि मीही ट्यूबवरची लाल रेघ पाहून थबकले नाही. चार दिवसांत खाज थांबली, त्यामुळे मला औषध रामबाण वाटले. सहा आठवडे लावले. सोडले की खाज दुप्पट, लावले की शांत, असा तो खेळ होता. डिसेंबरमध्ये एकदा उजेडात पाय नीट न्याहाळला तेव्हा गाठी तशाच होत्या, पण त्यांच्या भोवतीची कातडी पातळ, चकचकीत आणि पांढुरकी झाली होती आणि तिच्यावर बारीक लव उगवली होती. काळ्या डागाभोवती पांढरे कडे, म्हणजे आधी जे लांबून दिसत नव्हते तेही आता दिसू लागले.

मग घोडबंदर रोडवरील एका चकचकीत सौंदर्य केंद्रात गेले. तिथे सहा बैठकांच्या लेझरचे चोवीस हजार रुपये सांगितले आणि आजच नोंदणी केल्यास चार हजारांची सूट. किडा चावून किती दिवस झाले, अजून खाज आहे का, आधी काय लावले, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. सूट सोडून मी बाहेर पडले, हा माझा त्या वर्षातला एकमेव शहाणपणा.

आता मूळ विषय. नौपाड्यातील दवाखान्यात पहिली भेट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. वेळ साडेपाचची होती, आत जायला सव्वासात वाजले. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी वीस मिनिटे दिली आणि त्यातली पहिली दहा निव्वळ प्रश्नांची होती. चावे एका रांगेत होते की विखुरलेले? (रांगेत तीन-चार असतील तर ढेकणांचा संशय घ्यायचा आणि मग डॉक्टरांआधी दिवाण तपासायचा.) घरात कुत्रा-मांजर आहे का? घरात आणखी कोणाला खाज आहे का? चावल्यानंतर ताप आला होता का, कुठे काळी खपली धरली होती का? हा शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. नंतर कळले की गवतातल्या एका प्रकारच्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो, त्यात चाव्याच्या जागी अशी खपली दिसू शकते आणि तो ताप दुर्लक्षिण्यासारखा नसतो. मला तसे काही झाले नव्हते. मी मात्र इंटरनेटवर वाचून लाइम रोगाची भीती घेऊन गेले होते. त्यावर डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडले. ज्या लाइम गावावरून त्याला नाव पडले ते अमेरिकेतील कनेटिकट राज्यात आहे, तो रोग प्रामुख्याने उत्तर अमेरिका आणि युरोपात विशिष्ट गोचिडींमुळे होतो, त्याचा चट्टा दिवसागणिक वाढत तळहाताएवढा होऊ शकतो आणि तुमचे डाग पाच महिने आहेत तेवढेच आहेत, असे त्यांनी चार वाक्यांत सांगून तो विषय संपवला.

नंतर त्यांनी माझ्या पिशवीतल्या ट्यूब टेबलावर मांडायला सांगितल्या. क्लोबेटासॉलची ट्यूब त्यांनी बाजूला काढली आणि म्हणाल्या, “डासाने एक महिन्याचं काम दिलं होतं, या ट्यूबने वर्षाचं केलं.” एवढीच काय ती टीका, पुढे सहा महिन्यांत त्यांनी ती एकदाही उकरून काढली नाही.

तपासणीची एक गोष्ट मुद्दाम लिहिण्यासारखी आहे. दवाखान्याच्या मागच्या बाजूला कपाटाएवढी एक काळोखी खोली आहे, तिथे वुडच्या दिव्याखाली पाय पाहिला. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये तयार केलेल्या काचेच्या गाळणीवरून या दिव्याला त्यांचे नाव मिळाले. तिच्यातून जवळजवळ केवळ अतिनील प्रकाश बाहेर येतो. त्या जांभळ्या उजेडात माझ्या सातपैकी चार डागांच्या कडा एकदम गडद आणि रेखीव झाल्या, तर तीन जवळपास होते तसेच राहिले. गडद झालेल्यांत रंग वरच्या थरात आहे, बाकीच्यांत तो खाली उतरला आहे, असे डॉक्टरांनी दाखवून दिले. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत सूज आली की रंग बनवणाऱ्या पेशी चेकाळतात आणि जास्तीचे मेलॅनिन सोडतात. वरच्या थरातले मेलॅनिन कातडी नवी होत जाते तसे सहा महिने ते वर्षभरात झडून जाते. खालच्या थरात सांडलेले तिथल्या पेशी गिळून बसतात आणि ते जायला वर्षे लागू शकतात. शिवाय पायावरचे डाग चेहऱ्यावरच्या डागांपेक्षा सावकाश जातात. “चार तुमच्या वाढदिवसापर्यंत जातील, तीन कदाचित पुढच्या पावसाळ्यातही दिसतील,” हे पहिल्याच दिवशी सांगणारा माणूस मला या पाच महिन्यांत प्रथमच भेटला.

गाठींचे निदान नोड्युलर प्रुरिगो असे झाले. नाव भारदस्त आहे, प्रकार सोपा आहे: खाजवल्याने कातडी जाड होते, जाड कातडीतल्या नसा अधिक खाज पाठवतात, म्हणून आपण अधिक खाजवतो. किडा कधीच निघून गेलेला असतो, पुढचा कारखाना आपण चालवतो. डासाच्या मादीने रक्त गोठू नये म्हणून सोडलेल्या लाळेतील प्रथिनांवर शरीर चिडते आणि गांध उठते, ती काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत बसायला हवी. ज्यांची बसत नाही त्यांच्या बाबतीत रक्तातली साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांपैकी कशामुळे खाज टिकून आहे का, हेही पाहावे लागते. म्हणून तपासण्या लिहून दिल्या. त्या सोळाशे रुपयांत झाल्या आणि सगळ्या नीट आल्या. अमुकच ठिकाणी करा असा आग्रह नव्हता, याचीही नोंद करते.

पहिल्या महिन्याची चिठ्ठी पाहून मी खरे तर निराश झाले होते. डाग घालवणारे एकही औषध तिच्यात नव्हते. क्लोबेटासॉल बंद, लिंबू बंद, रात्री खाजेसाठी एक अँटीहिस्टामिन गोळी, दिवसातून तीन वेळा साधे पांढरे मॉइश्चरायझर आणि झोपताना दोन्ही गाठींवर चिकटपट्टी. नखे दर रविवारी कापायची. सनस्क्रीन मी विचारले, तर उत्तर मिळाले की नडगीला पूर्ण लांबीची सलवार हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचे सनस्क्रीन आहे. चिकटपट्टीचे मला हसू आले होते, पण तिचा उपयोग सर्वांत आधी कळला: झोपेत हात गाठीपर्यंत जातो, पट्टीला अडतो आणि तुम्ही जागे होता. पहिल्या आठवड्यात मी रोज जागी झाले. चौथ्या आठवड्यात एकदाच.

“आधी खाज थांबवायची, डाग नंतर,” हे डॉक्टरांचे वाक्य मी इतके ऐकले की ते आता घरातल्या इतरांनाही पाठ झाले आहे. पण त्यामागचा हिशेब पटण्यासारखा आहे. खाज चालू असताना डागावर तीव्र औषध लावले की जळजळ होते, जळजळीने नवी सूज येते आणि सुजेने नवा डाग. लेझरचेही तेच, चुकीच्या वेळी, चुकीच्या कातडीवर केले तर जो डाग पुसायचा तोच गडद होतो. बाजारात मिळणारे तिहेरी मलम का देत नाही, हेही मी विचारले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे हे मिश्रण १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी मांडले आणि योग्य देखरेखीखाली ते उपयोगीही आहे; परंतु ज्या कातडीला स्टेरॉइडनेच पातळ केले आहे तिच्यावर पुन्हा स्टेरॉइडचे मिश्रण चोळायचे नाही, असे स्वच्छ उत्तर आले.

मग फेब्रुवारीत त्यांनी गाठींमध्ये ट्रायअॅमसिनोलोनचे इंजेक्शन सुचवले तेव्हा मी चमकले, कारण तेही स्टेरॉइडच. त्यांनी सुई दाखवून समजावले: दोन गाठी, त्यांच्या आत मोजून टिपूसभर औषध, आजूबाजूच्या कातडीवर काही नाही आणि पुढच्या वेळी मी पाहिल्याशिवाय दुसरे नाही. मलम तुम्ही बोटाने पसरवत होतात, सहा आठवडे, कोणी न पाहता. फरक मला कळला. इंजेक्शन दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. टणक गाठीत औषध शिरताना डोळ्यांत पाणी येते, पण दहा-पंधरा सेकंदांचा मामला आहे. चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेतले आणि दोन्ही गाठी सपाट झाल्या. एका गाठीच्या जागी किंचित खळगा पडला आहे. तो पडू शकतो, हे त्यांनी आधी सांगितले होते आणि सही घेताना लिहूनही दिले होते.

एप्रिलमध्ये, खाज पूर्ण थांबल्यावर, कुठे डागांसाठी अॅझेलेइक अॅसिडचे जेल मिळाले. पहिले आठ-दहा दिवस चुरचुरते, नंतर सवय होते.

एक प्रसंग मध्येच घडला तो सांगते. मार्चमध्ये कोपरीला बहिणीकडे गेले असता दंडाला एक डास चावला आणि त्याच रात्री नडगीवरची बसलेली गाठ पुन्हा खाजू लागली. मला वाटले, सगळे मुसळ केरात. डॉक्टरांनी सांगितले की नवा चावा झाला की जुन्या चाव्यांच्या जागा जाग्या होणे हे काही जणांत घडतेच, त्याला घाबरून जुनी ट्यूब उघडायची नाही. गोळी चार दिवस वाढवली आणि ती खाज शमली. खिडक्यांना जाळ्या मात्र मी त्याच आठवड्यात बसवून घेतल्या. डागावर हजारो रुपये खर्च करणारे आपण जाळीच्या खर्चावर घासाघीस करतो.

नोंदी ठेवण्याची त्यांची पद्धत मला विशेष आवडली. दर भेटीत रुग्णाच्याच फोनवर, त्याच खिडकीपाशी, डागाशेजारी दोन रुपयांचे नाणे ठेवून फोटो काढायचा. नाण्यामुळे आकार कळतो आणि नाण्याच्या चमकेवरून उजेड सारखा आहे की नाही तेही कळते. जानेवारीच्या फोटोत सर्वांत वरचा डाग नाण्याच्या अर्ध्याएवढा आणि पिकल्या जांभळाच्या सालीसारखा आहे. जूनच्या फोटोत तो पाणी जास्त झालेल्या चहासारखा आहे आणि त्याची खालची कड शोधावी लागते. रोज आरशात पाहणाऱ्याला हा फरक कधीच दिसला नसता, मला तर मार्चपर्यंत काहीच होत नाही असेच वाटत होते.

आता तक्रारी. दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट नाही आणि जिन्याची शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करूनच जावे. दिलेली वेळ केवळ शोभेची असते, सहा भेटींत एकदाही मी तासाच्या आत आत गेले नाही. फोन उचलला जात नाही, संदेशाला उत्तर दुसऱ्या दिवशी येते. सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे तपासणीची खोली आणि बाहेरची बाकडी यांच्यामध्ये केवळ प्लायवूडचा पडदा आहे. चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली एक आई आत काय बोलत होती ते आम्ही सहा जणांनी बाहेर बसून ऐकले: याच्या अंगावर सारख्या पुटकुळ्या येतात, सासूबाई म्हणतात रक्त बिघडलंय. डॉक्टरांनी तिला रक्त ठीक असल्याचे, लहान मुलांत किड्यांच्या चाव्यांना अशी तीव्र प्रतिक्रिया बऱ्याचदा दिसत असल्याचे आणि बहुतेक मुलांत ती वाढत्या वयात ओसरत असल्याचे सांगितले, शिवाय घरच्या कुत्र्याच्या पिसवांवर उपचार करायला सांगितले. सल्ला उत्तम होता, पण तो आमच्या कानांसाठी नव्हता. त्वचारोगाच्या दवाखान्यात माणूस जे दाखवायला लाजतो तेच दाखवायला आलेला असतो, म्हणून ही भिंत पक्की व्हायलाच हवी. मी हे डॉक्टरांना तोंडावर सांगितले; त्यांनी मान्य केले; भिंत अजून प्लायवूडचीच आहे.

पैशांचे म्हणाल तर पहिल्या भेटीचे सातशे, पुढच्या प्रत्येक भेटीचे चारशे, इंजेक्शनचे प्रत्येक वेळी सहाशे वेगळे. तपासण्या आणि औषधे धरून सहा महिन्यांत साडेसहा हजारांच्या आसपास खर्च झाला. पावती मागितल्यावर मिळते, आपणहून देत नाहीत. दवाखान्यात औषधविक्री नाही आणि कोणते क्रीम कोणत्या कंपनीचे घ्यायचे याचा आग्रहही नाही.

परिणाम सांगायचा तर वरच्या थरातले चार डाग गेले आहेत, म्हणजे मला माहीत आहे म्हणून दिसतात, इतरांना नाही. खालच्या थरातले तीन फिकट झाले आहेत. पातळ झालेली कातडी बरीच सावरली असली तरी एका ठिकाणी तिच्याखालून बारीक लाल शिरा दिसतात आणि त्या राहतील असा अंदाज आहे. पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा भिंतीसाठी आहे, उपचारासाठी नव्हे.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. चाव्याभोवतीची लाली तासागणिक पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर या दवाखान्याच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे जावे. आणि डागांसाठी जायचे असेल तर आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात, रिकाम्या झालेल्याही. माझी चिमटून सपाट केलेली क्लोबेटासॉलची ट्यूब कचऱ्याच्या डब्यातून परत काढून नेली होती, आणि डॉक्टरांनी पायाआधी तीच हातात घेतली.